परत गेलेल्यांची मोजदाद

आमच्या धर्मग्रामात गरजू विद्यार्थ्यांसाठी एक छोटा निधी आहे. दर जूनमध्ये अर्ज मागवले जातात, ऑगस्टमधील एखाद्या रविवारी मिस्सानंतर धनादेश वाटले जातात, आणि वर्षअखेरच्या अहवालात लाभार्थींची संख्या व दात्यांची नावे छापली जातात. काही वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत अहवालाचे वाचन संपल्यावर मागच्या बाकावरील एक निवृत्त शिक्षक उठले आणि म्हणाले, ‘दिले किती ते समजले. परत किती गेले?’ उत्तर कोणाकडेच नव्हते. नाकारलेले अर्ज आदल्याच महिन्यात रद्दीत गेले होते.

त्या प्रश्नासरशी आम्हां काही जणांना एक मुलगी आठवली. मुळशी खोऱ्यातील एका कातकरी वाडीतून ती आली होती. बारावी झालेली. आई वारलेली, बाप कोळशाच्या भट्टीवर गेला तो परतलाच नाही, मावशीने वाढवले. अर्जात ‘पालकाचे नाव व सही’ हा रकाना रिकामा होता, ‘कायमचा पत्ता’ हाही रिकामा होता. ‘मावशीचा अंगठा चालंल का?’ असे तिने विचारले. मावशी ही कागदोपत्री पालक नाही, तेव्हा तसा काही कागद घेऊन ये, असे आम्ही सांगितले. आम्ही उद्धटपणे बोललो नाही, चहाही विचारला. ‘बरं,’ म्हणून ती गेली. पुन्हा आली नाही.

तिचा अर्ज आम्ही ‘नाकारला’ असेही म्हणता येत नाही, कारण तो आम्ही घेतलाच नव्हता. आमच्या अहवालात ती लाभार्थी म्हणून नाही, नाकारलेली म्हणूनही नाही. आमच्या लेखी ती आलीच नव्हती. दान देणाऱ्या हातांनी, मग तो हात शासनाचा असो, विश्वस्त मंडळाचा असो वा ख्रिस्तसभेचा असो, ज्यांना परत पाठवले त्यांची मोजदाद ठेवून ती चारचौघांत सांगावी काय? की तसे करणे हे गरिबाच्या लाजेचे प्रदर्शन होय? हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. विचार करू गेल्यास तो न्यायाचा आहे असे आम्हांस वाटते.

मुळशीच्या मातीला बेघर होणे नवे नाही. टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतले तेव्हा तेथील मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. पन्नासच्या आसपास गावांना धरणाची झळ पोहोचली. तलावाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिऱ्याला उतरवले गेले आणि तेथील विजेने मुंबई उजळली. जमिनीचे मालक असलेले सावकार आणि ती कसणारी कुळे यांचे हित एक नव्हते. मोबदल्याचा हिशेब मालकीच्या कागदावर चालला. ज्याच्या नावे जमीन, त्याची नोंद झाली. ज्याच्या नावे काहीच नव्हते, त्याने काय गमावले हे लिहिण्यासाठी रकानाच नव्हता.

कातकरी समाज हा या रकान्याबाहेरच्यांतला. खैरापासून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा, त्यावरूनच हे नाव पडले. जंगल हातचे गेल्यावर कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर पोट घेऊन फिरणे नशिबी आले. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्यता आहे, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. कित्येक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. घर आहे, परंतु घराखालची जागा आपली नाही. याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे, जेथील काचेच्या इमारतींत बसून आमची मुले साऱ्या जगाचे हिशेब संगणकावर ठेवतात. त्याच तालुक्यातील वाडीवरच्या मुलीच्या पत्त्याचा रकाना मात्र कोरा राहतो.

साहाय्य नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची परंपरा १९४४ पासूनची आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत राहून शिकणाऱ्यास वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवण्यात आली. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी शिक्षणात व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले. नातेवाइकांकडे वा दुसऱ्या कुटुंबात वाढणाऱ्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, आणि २०२३ साली तिची मासिक रक्कम २,२५० रुपये करण्यात आली. २०१५ च्या बालन्याय अधिनियमात, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संस्थेबाहेर पडणाऱ्या तरुणास पुढील वाटचालीसाठी आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. दारे अनेक आहेत.

परंतु प्रत्येक दाराशी एक कागद मागितला जातो आणि तो कागद बहुधा आईबाप व घर यांच्या अस्तित्वाचा असतो. अनुसूचित जमातीचा दाखला हवा, तर ६ सप्टेंबर १९५० या दिवशी आपले पूर्वज या मुलुखात कोठे राहत होते हे दाखवावे लागते. ज्यांचे आजोबा-पणजोबा भट्टीमागून भट्टी फिरत होते, ज्यांचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर कधी चढले नाही, त्या मुलाने हे कशाने सिद्ध करावे? उत्पन्नाचा दाखला हवा, तर पालकाचे उत्पन्न सांगावे लागते, पालकच नाही. बँकेत खाते हवे, तर पत्ता लागतो, पत्ताच नाही. ज्या उणिवेसाठी साहाय्य आहे, तीच उणीव साहाय्याच्या आड येते. यात कोणा कारकुनाचा दुष्टपणा असतोच असे नाही. नियम घरातल्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असतो. बेघर मूल त्याच्यापुढे उभे राहिले की नियम गोंधळतो आणि ते मूल परत जाते.

अशी किती मुले परत जातात? एका बाबतीत हा आकडा उजेडात आला, आणि तो विचार करावयास लावणारा आहे. कोविडच्या साथीत आईवडील वा कायदेशीर पालक गमावलेल्या मुलांसाठी २९ मे २०२१ रोजी केंद्र शासनाने ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रेन’ ही योजना जाहीर केली. तीत शालेय शिष्यवृत्ती होती, उच्च शिक्षणाच्या कर्जास साहाय्य होते, आरोग्यविमा होता आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये हाती येतील अशी सोय होती. जुलै २०२४ मध्ये या योजनेची सरकारी आकडेवारी वृत्तपत्रांत आली. देशातील ६१३ जिल्ह्यांतून एकूण ९,३३१ अर्ज आले होते. ४,५३२ मंजूर झाले, ४,७८१ नामंजूर झाले, १८ प्रलंबित होते. मंजुरांपेक्षा नामंजूर अधिक! एकट्या महाराष्ट्रातून १,५११ अर्ज गेले होते. त्यांतील ८५५ मंजूर झाले. नामंजुरीची कारणे मात्र त्या आकडेवारीत नव्हती.

या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. काही अर्ज योजनेच्या अटींत खरोखरच बसत नसतील. मृत्यू अन्य कारणाने झाला असेल, एक पालक हयात असेल. परंतु कारणे सांगितली जात नाहीत तोवर, अपात्र कोण आणि केवळ कागदाअभावी परत गेलेला कोण, हे आपल्याला कळत नाही. महाराष्ट्रातील उरलेली ६५६ मुले या दोहोंपैकी कोणत्या बाजूची? संख्येने प्रश्न सुटला नाही हे खरे. पण संख्या नसती तर प्रश्न पडलाच नसता. लाभार्थींच्या छायाचित्रांवरून कोणी कधी विचारले नसते की, आणखी कोणी आले होते काय?

येथे कायद्यातील एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे चौथे कलम प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणास आपल्या अनुदान-योजनांची अंमलबजावणी, रकमा आणि लाभार्थींचा तपशील आपण होऊन प्रसिद्ध करावयास सांगते. मंजुरी मिळालेल्यांची यादी फळ्यावर लागते ती या वळणाने. तेच कलम असेही सांगते की, ज्याच्याबाबत निर्णय झाला त्यास निर्णयाची कारणे द्यावीत. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानेही अर्जाची पोच आणि नकाराचे लेखी कारण हा नागरिकाचा हक्क मानला आहे. म्हणजे परत जाणाऱ्यास कारण कळावे, आणि समाजास लाभार्थी कळावेत, एवढे कायद्याला सुचले. परत गेलेले एकूण किती व कोणत्या कारणाने, हे समाजास कळावे, असा आग्रह मात्र त्याच्या अक्षरांत दिसत नाही. उरलेली जागा विवेकाने भरावयाची आहे.

आता आक्षेपांकडे वळू. ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप लज्जेचा. अनाथ, बेघर, परक्या छपराखाली वाढलेला, हे शब्द मुलाच्या कपाळी का मारावेत? आईबापाविना वाढलेल्या कित्येक तरुणांना आपला भूतकाळ वर्गमित्रांनाही कळू द्यावयाचा नसतो. बालन्याय अधिनियमाचे ७४ वे कलम अशा मुलाची ओळख प्रकट करण्यास मनाई करते, आणि ते योग्यच आहे. नावाशिवाय केवळ संख्या द्यावी, हे उत्तर बरोबर आहे. पण अपुरे आहे. एखाद्या तालुक्यातून असा एकच अर्ज आला असेल, तर तेथे ‘एक’ हा आकडाही नावच होय. वाडीवरचे प्रत्येक माणूस तो एक कोण ते ओळखील. तेव्हा लहान संख्या लहान क्षेत्राची म्हणून छापू नयेत. त्या जिल्ह्याच्या वा विभागाच्या बेरजेत मिळवाव्यात. एवढी काळजी घेतली, तर लज्जेचा आक्षेप मुलाच्या बाजूने उरत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण मुठीत दुसऱ्याचा वाटा असेल तर ती झाकण्याचा अधिकार मुठीच्या मालकाला नाही. पुष्कळदा मुलाची लाज राखण्याच्या नावाखाली देणाराच आपली लाज राखीत असतो.

दुसरा आक्षेप शुभवर्तमानातून येतो, म्हणून आम्हांस तो अधिक जवळचा. उजवा हात काय देतो हे डाव्या हातास कळू देऊ नये, अशी प्रभूची शिकवण आहे. मग दानाचे आकडे छापणे हे त्याविरुद्ध नव्हे काय? वस्तुतः प्रभू येशू तेथे रस्त्याच्या कोपऱ्यावर कर्णा वाजवून दान करणाऱ्यांविषयी बोलतो. लपवावयाचा आहे तो दात्याचा मोठेपणा. आमच्या अहवालात दात्यांची नावे ठळक अक्षरांत होती आणि परत गेलेल्यांचा आकडा नव्हता. म्हणजे जे लपवावे असे प्रभूने सांगितले ते आम्ही छापीत होतो, आणि जे मान खाली घालून सांगावे ते आम्ही लपवीत होतो. शिवाय शिष्यवृत्ती हे दान नव्हेच. सार्वजनिक पैशातून दिले जाणारे साहाय्य हा ज्याचा त्याचा वाटा आहे, आणि धर्मग्रामाचा निधीसुद्धा लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. ठेवीचा हिशेब गुप्त ठेवणे ही नम्रता होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना. दावीद राजाने इस्राएलाची शिरगणती केली आणि तो त्याच्या हातून घडलेला अपराध ठरला. देशावर मरी आली. माणसे मोजणे हेच मुळी पाप आहे काय? आम्हांस वाटते, दाविदाने काय मोजले ते नीट पाहावे. यवाबाने राजाला आणून दिलेली संख्या तलवार धरू शकणाऱ्या पुरुषांची होती. राजा आपल्या उपयोगाची माणसे मोजीत होता. मोजणीतून त्याला आपले सामर्थ्य पाहावयाचे होते. याच्या उलट लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ मोजतो. शंभरांतले एक हरवले, हे त्याला कसे कळले? संध्याकाळी त्याने मोजले म्हणून. त्याच्या मोजणीचा शेवट नव्व्याण्णवांवर समाधान मानण्यात झाला नाही. जे मोजणीत आले नाही त्याच्या शोधात तो निघाला. एक मोजणी आपल्यापाशी काय आहे ते पाहते, दुसरी आपल्यापाशी कोण नाही ते पाहते. लाभार्थींची यादी ही कितीही प्रामाणिक असली तरी पहिल्या जातीची आहे. दुसऱ्या जातीच्या मोजणीवाचून ती अपुरी, आणि अपुरी असूनही पूर्ण असल्याचा आव आणणारी.

चौथा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो अनुभवी लोक घेतात. नाकारलेल्यांची संख्या छापावी लागणार असे ठरले, तर ती कमी दिसावी म्हणून अर्ज घेणेच बंद होईल. खिडकीवरच सांगितले जाईल, ‘हा कागद नाही, पुढच्या आठवड्यात या.’ अर्ज घेतला नाही म्हणजे नकार नाही. नकार नाही म्हणजे आकडा स्वच्छ! हा आक्षेप खरा आहे हे आम्ही स्वानुभवाने सांगतो, कारण आम्ही त्या मुलीला नेमके असेच परत पाठवले. तोंडी नकाराला कागद नसतो. म्हणून मोजणीचा आरंभ अर्जाच्या मंजुरीपाशी होऊन चालणार नाही. तो उंबरठ्यापाशी झाला पाहिजे. जो कोणी साहाय्य मागण्यास आला, त्याच्या येण्याची नोंद प्रथम व्हावी. कागद पुरे की अपुरे हे नंतर पाहावे.

बेघरांना मोजता येत नाही, त्यांचा ठावठिकाणा नसतो, असेही काही जण म्हणतात. पण २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री गणक फूटपाथांवर, पुलांखाली, स्थानकांवर गेले आणि एका रात्रीत देशातील सुमारे १७ लाख ७३ हजार बेघरांची नोंद झाली. त्यांत महाराष्ट्रातील दोन लाखांहून अधिक होते. मोजणी अचूक होती काय, याविषयी मतभेद असू शकतील. पण मोजावयाचे ठरवले तर मोजता येते, एवढे त्या रात्रीने दाखवले. रस्त्यावर झोपलेल्याला शोधून मोजता येते, तर आपल्या दाराशी चालत आलेल्याला मोजणे अवघड का व्हावे?

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी केंद्र शासनाचे साहाय्य मागणाऱ्या विद्यार्थ्यास सामान्यतः आईवडिलांच्या उत्पन्नाची माहिती द्यावी लागते. ज्यास आईवडील नाहीत, किंवा जो त्यांच्यापासून तुटून एकटा, बेघर राहतो, त्याने ती कोठून आणावी? २००७ साली तेथे कायदा बदलला. एकट्या राहणाऱ्या बेघर तरुणास, तसेच वयाच्या तेराव्या वर्षानंतर कधीही पालक-कुटुंबाच्या आश्रयास ठेवलेल्यास, ‘स्वतंत्र’ विद्यार्थी मानण्यात आले. तो बेघर आहे याची ग्वाही शाळेतील त्या कामावर नेमलेली व्यक्ती किंवा निवाऱ्याचा प्रमुख देऊ शकतो. यातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. एक, मुलाला जवळून ओळखणाऱ्या जबाबदार माणसाच्या शब्दाला तेथे कागदाचे मोल दिले गेले. दुसरी, अर्जातच तसा प्रश्न विचारला गेल्यामुळे असे अर्ज किती आले हे मोजणे शक्य झाले. जे विचारले जात नाही ते मोजले जात नाही. जे मोजले जात नाही त्याची उणीव कोणालाही भासत नाही. मावशीच्या अंगठ्याला आम्ही मोल दिले असते, वाडीवरच्या शाळेतील गुरुजींना एक पत्र मागितले असते, तर आमचे कोणते नुकसान होणार होते?

ख्रिस्तसभेच्या बालपणातील एक प्रसंग या संदर्भात आम्हांस पुनःपुन्हा आठवतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की, यरुशलेमेत रोजची मदत वाटली जात असताना ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ती कुरकुर दाबली नाही. बदनामी होईल म्हणून घरातच मिटवली नाही. त्यांनी सर्व शिष्यमंडळीस बोलावून गोष्ट उघड केली आणि त्या कामासाठी सात माणसे नेमली. त्यांची नावे पाहिली तर ती सारी ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा वगळल्या गेल्या, त्यांच्यातीलच माणसांच्या हाती वाटपाचे काम गेले असावे. लूकने हा प्रसंग वगळून केवळ वाटपाची वाहवा लिहिली असती तरी चालले असते. त्याने तो लिहिला. ख्रिस्तसभेचा पहिला जाहीर अहवाल हा कोण उपाशी राहिले याचा अहवाल आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९८७ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी बेघरांसाठी निवाऱ्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षाच्या अखेरीस व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता : तू आपल्या बेघर भावाचे काय केलेस? हा काइनाला विचारलेल्या प्रश्नाचा प्रतिध्वनी आहे, आणि त्याला ‘मला ठाऊक नाही’ हे उत्तर चालत नाही. काइनाचे पाप हत्येचे खरे. पण त्यानंतर त्याने दिलेले उत्तर हे अज्ञानाचे होते. आपला भाऊ कोठे आहे हे ठाऊक नसणे, हा बचाव ठरू शकत नाही. परत किती गेले ते ठाऊक नाही, असे आम्ही त्या सभेत म्हणालो तेव्हा आमच्याही तोंडी तेच उत्तर होते.

मग करावे काय? शासनाने काय करावे हे सांगण्याआधी आम्ही आमच्या घरापासून आरंभ केला. निधीच्या टेबलावर आता एक साधी वही असते. जो येईल त्याची नोंद आधी त्या वहीत होते. नंतर कागद पाहिले जातात. वर्षअखेरच्या अहवालात दात्यांची नावे छापली जात नाहीत. चार संख्या छापल्या जातात. आले किती, मिळाले किती, परत गेले किती व कोणत्या कारणाने, आणि परत गेलेल्यांपैकी पुन्हा आले किती. ही चौथी संख्या आमच्या सूचनेवरून नव्हे, त्याच वृद्ध शिक्षकांच्या आग्रहावरून आली. पुन्हा येण्याइतका धीर ज्याला उरला तो कोणावाचून तरी पुरता एकटा नाही, असे ते म्हणत. ज्याला उरला नाही, त्याच्याकडे आपण गेले पाहिजे.

पहिल्या वर्षी ते आकडे वाचताना आम्हांस संकोच वाटला. दाते रागावतील अशी भीती होती. काही जण नाराज झालेही. पण कागदाअभावी परत गेलेल्यांचा आकडा ऐकल्यावर सभेतील एका वकील भगिनीने प्रतिज्ञापत्रे विनामोबदला करून देण्याची तयारी दाखवली, आणि निवृत्त तलाठी असलेल्या एका बांधवाने जुन्या नोंदी कोठे व कशा शोधाव्यात हे मुलांना समजावण्याचे काम अंगावर घेतले. ही माणसे पूर्वीही याच सभेत बसत होती. त्यांच्यापाशी जे होते त्याची गरज कोणाला आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

हेच मोठ्या प्रमाणावर शासनाकडून, विद्यापीठांकडून, शिष्यवृत्त्या देणाऱ्या विश्वस्त निधींकडून घडावे, अशी अपेक्षा आम्ही करतो. अनाथ, बेघर आणि पालक-कुटुंबात वाढलेल्या विद्यार्थ्यांचे अर्ज किती आले, किती मंजूर झाले, किती कोणत्या कारणाने परत गेले, हे दर वर्षी, जिल्हावार, नावांवाचून प्रसिद्ध व्हावे. अधिकाऱ्यांना दोषी ठरवणे हा त्याचा हेतू नसावा. कोणता कागद सर्वांत अधिक मुलांना परत पाठवतो, एवढे जरी कळले, तरी तो नियम बदलता येईल. परत गेलेल्या मुलाने आपली तक्रार मांडावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शुभवर्तमानातील विधवेने न्यायाधीशाच्या दारी खेटे घातले, पण खेटे घालण्यास बसभाडे लागते, बुडालेला रोज लागतो. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, असे आपण सहज बोलून जातो. ज्याला आईच नाही, त्याने रडावे कोणापाशी?

आमच्या घरोघरी नाताळात गोठा मांडला जातो. त्या कथेचा आरंभ एका सरकारी नोंदणीने होतो, हे आपण सजावटीच्या भरात विसरतो. कैसर औगुस्ताच्या आज्ञेवरून योसेफ नाव नोंदवण्यास बेथलेहेमला गेला, आणि ज्या बालकाचा तो जन्मदाता नव्हता त्याला त्याने आपले नाव दिले, आपला वंश दिला, आपले घर दिले. उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. त्या रात्री कितीजणांना जागा मिळाली याचा हिशेब उतारशाळेच्या मालकापाशी असेल. दारावरून कोण परत गेले हे त्याने टिपून ठेवले नसेल. ते टिपून ठेवले शुभवर्तमानकाराने, आणि दोन हजार वर्षे आपण ते वाचत आलो आहोत.

ती मुलगी पुढे कोठे गेली हे आम्हांस अद्याप कळलेले नाही. वाडीवर चौकशी केली तेव्हा मावशीचे कुटुंब भट्टीवर गेले होते. झोपडीला कुलूप नव्हते, कारण कुलूप लावण्यासारखे दार नव्हते. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, तिची नोंद आम्ही मागाहून केली आहे. नाव लिहिलेले नाही. ‘आली होती’ एवढेच लिहिले आहे.